पहिल्या ओळीवरचं गाऱ्हाणं

रविवार, तुझ्या तेराव्यानंतरचा पहिला. सकाळची वेळ. गोरेगावची शाळा, कॉम्प्युटरची खोली. हजर: नीलिमा, इथे कॉम्प्युटर शिकवते, खोलीची किल्ली तिच्याकडे. अलका, तुझी बायको, सोबत डब्यात घावणे आणि चटणी. भाऊ, तुझे थोरले भाऊ, बँकेतून निवृत्त, अलकाला बोरिवलीहून एकटीला पाठवायचं नाही म्हणून आलेले. आणि मी, मुलुंडहून. उशिरा येतोय असं कुणी कळवलेलं नाही.

हसू नकोस, दिनू. हजेरी घेतल्याशिवाय मला बैठक सुरू करता येत नाही, आणि तू मला मॉनिटर म्हणायचास ते त्यावरूनच. "तीन माणसांची बैठक, त्यात हजेरी कसली घेतेस गं? मान वळवली की सगळे दिसतात." पण हजेरीत तुझं नाव नीलिमाच्या खाली गेलं की भांडायला तूच पहिला.

आजचा विषय एकच होता. आकडीत निरुपयोगी ओळ चालवून घ्यायची की नाही.

दिवाळीची सुट्टी संपली की आठवीचा वर्ग आकडीवर रीतसर शिकायला बसणार, आजवर झाली ती नुसती चाचणी. आपण दोघांनी पोरांसाठी बनवलेली मराठी प्रोग्रामिंगची भाषा. नाव तू ठेवलंस. झाडाखाली उभ्या पोराला वरचा आंबा स्वतःच्या हाताने काढता आला पाहिजे, शिडी मागत फिरायला लागता कामा नये, म्हणून आंबे ओढायच्या काठीची आकडी. भाषा तयार आहे. एवढा एक नियम तेवढा आपण भांडणात ठेवला होता आणि तू भांडण अर्धवट टाकून गेलास. आता तुझ्या बाजूने बोलायला कुणीतरी हवं होतं. मी भाऊंना गळ घातली.

आधी त्यांना विषय समजावून सांगावा लागला. मी म्हटलं, "भाऊ, समजा तुम्ही एका पोराला सांगितलंत, सात आणि पाच मिळव. त्याने मिळवले, बारा आले, आणि तो तसाच गप्प बसून राहिला. कुणाला सांगितले नाहीत, कुठे लिहून ठेवले नाहीत, पुढच्या क्षणी विसरला. आपल्या भाषेत पोरं अशी ओळ लिहू शकतात. चालवून घ्यायची का?"

भाऊंनी विचार केला. "बारा बरोबर इले मां?"

"आले."

"मगे झाला तर!"

नीलिमा एवढी हसली की तिला पाणी प्यावं लागलं. मी वहीत लिहिलं: संपूर्ण खानदान दिनूच्या बाजूने.

अंधेरीच्या कंपनीत आपण पहिल्यांदा भेटलो तेव्हाही भांडण हेच होतं, तुला आठवत असेल. तुझा प्रोग्राम तपासायला माझ्याकडे आला. ज्या ओळी काहीच करत नाहीत त्या मी लाल पेनाने खोडल्या आणि कागद तुझ्या टेबलावर ठेवला. तू तो उलटसुलट बघितलास आणि विचारलंस, "हे सगळं खोडलंस, मग उरलं काय?"

"चालणारं उरलं."

"अगं, पण वाचायला मजा येत होती ना!"

प्रोग्राम मजेने वाचणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता. मी मनात म्हटलं, याच्यापासून लांब राहायला हवं. पुढे दोघांनी वेगवेगळ्या नोकऱ्या केल्या, सोडल्या, पुन्हा धरल्या, आणि रविवारी सकाळी गोरेगावला भेटायचा रिवाज मात्र राहिला. बोरिवलीहून तू, मुलुंडहून मी. मध्ये गोरेगाव म्हणजे दोघांची सारखीच गैरसोय, असं तुझं गणित. काम झालं की आरेच्या रस्त्याने बसने मी निघायचे आणि तू उगाच चढायचास, पुढल्या एखाद्या स्टॉपवर उतरून चहा पिऊन परत फिरायला. तुझा तो सगळा प्रवासच निरुपयोगी ओळ होता, आणि आपली खरी चर्चा त्या बसमध्येच झाली.

माझं म्हणणं साधं होतं आणि आजही तेच आहे. ओळीने काहीतरी करावं. काहीतरी साठवावं, काहीतरी दाखवावं, कुणाला तरी काम सांगावं. नुसती बेरीज, नुसतं नाव, नुसतं वाक्य ओळीवर एकटं उभं असेल तर आकडीच्या व्याकरणात ती ओळच नाही. कंपायलरने, म्हणजे ओळी वाचून मशीनला सांगणाऱ्याने, तिथेच थांबावं. तुझं म्हणणं, व्याकरणाला ओळीचा आकार दिसतो, पोराचं मन दिसत नाही. "सात अधिक पाच लिहून ते पुढे काय करायचं याचा विचार करत असेल. अर्धवट लिहिलेलं म्हणजे चुकलेलं असतं का? तू काय हॉस्टेलची वॉर्डन आहेस, दिवा लागला दिसला की दार वाजवायला?"

मी म्हणायचे, "इशारा तरी देऊ दे."

"इशारा दे. पिवळा दे, हळू आवाजात दे. पण अडवू नकोस."

आणि मग ते गाऱ्हाणं, कोकणात कामाआधी देवापुढे घालतात तसलं. तू लिहिलेल्या प्रत्येक धड्याच्या पहिल्या ओळीवर, अवतरणात, एकटं उभं:

"बा देवा म्हाराजा, आज ह्या पोरांनी जो काय प्रोग्राम मांडलेलो आसा, तो नीट पार पाड रे म्हाराजा."

ती ओळ काहीही करत नाही. साठवत नाही, दाखवत नाही. माझ्या नियमाने सगळ्यात आधी तीच अडायला हवी, आणि तू ती मला चिडवायला लिहितोस अशी माझी खात्री होती. बसमध्ये मी तुला विचारलं, "कॉमेंट कर ना तिची. माणसांसाठी टीप लिहायला कॉमेंट असते ना?"

"कॉमेंट कंपायलर वाचतच नाही, उडी मारून पुढे जातो. ज्याच्यापुढे हात जोडायचे तो बघतच नसेल तर गाऱ्हाणं घालायचं कुणाला?"

"आणि हे वाचतो?"

"अख्खं वाचतो. शब्द न् शब्द. हातात घेतो, धरतो, आणि काही न बोलता सोडून देतो." मग खिडकीबाहेर बघत म्हणालास, "देव तरी दुसरं काय करतो गं?"

पुढच्या सीटवरचा माणूस वळून आपल्याकडे बघत राहिला. तू त्याला नमस्कार केलास.

तांत्रिकदृष्ट्या तुझं बरोबर होतं, हे सगळ्यात त्रासदायक. मी घरी जाऊन तपासलंसुद्धा.

मग आला तो झकास दिवस. मी नियम घातलेली आकडी शाळेत पाठवली आणि तुझे धडे त्याच मशीनवर होते, हे आपल्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. तू धडे बघणारा, मी व्याकरण बघणारी, दोघं एकत्र चालवून बघणारं कुणीच नाही. तास सुरू झाला आणि नीलिमाचा फोन. "मॅडम, वाट लागली! सगळ्या स्क्रीन लाल. पहिल्याच ओळीला अडलंय." मागून वर्गाचा गोंधळ ऐकू येत होता आणि त्यात एक खणखणीत आवाज: "बाई, कॉम्प्युटर देवाला मानत नाही!"

तुला सांगितलं तेव्हा तू खुर्चीत मागे रेलून हसलास. पुढचे कित्येक दिवस मला भेटलास की हात जोडून विचारायचास, "मॉनिटर, देवाला परमिशन आहे का आज?"

पण त्यानंतर आपण जे केलं ते मला फार आवडलं, आणि हे मी तुला कधी सांगितलं नाही. तू म्हणालास, भांडून काय होणार, बघूया. काही दिवस वर्ग तुझ्या आकडीवर बसवला, काही दिवस माझ्या, धड्यांवरचं गाऱ्हाणं तेवढ्यापुरतं काढून. आपण दोघं मागच्या बाकावर.

तुझ्या आकडीवर ती सना होती, दोन वेण्या, पेन्सिल कानावर. पाच विषयांचे गुण मिळवायचे होते. 'एकूण = एकूण + गुण' लिहायच्या जागी तिने 'एकूण + गुण' लिहिलं. मशीनने दर वेळी इमानदारीने बेरीज केली आणि टाकून दिली. उत्तर शून्य. तिने पुन्हा चालवलं, शून्य. सगळं खोडून पुन्हा तेच लिहिलं, शून्य. तुझा तो पिवळा इशारा कोपऱ्यात हळू आवाजात उभा होता. तिने तिकडे बघितलंही नाही. तास संपताना तिने कॉम्प्युटर बंद केला आणि शेजारणीला म्हणाली, "मला नाही जमत हे." तू उठून तिच्याकडे गेलास. परत आलास तेव्हा हसत नव्हतास. मी तेव्हा काही बोलले नाही, याबद्दल मला श्रेय हवंय.

आणि मग माझ्या आकडीवर तीच पोरं. सना धडाधड पुढे गेली, मी खूश. पण बाकीच्यांनी दोन दिवसांत मार्ग काढला. मशीन अडवतंय ना? मग 'कचरा = ७ + ५'. एकाने शोधलं आणि वर्गभर पसरलं. जे काही मशीनला नको असेल ते 'कचरा' नावाच्या डब्यात टाकायचं, मशीन खूश, पोरगं खूश, ओळ तेवढीच निरुपयोगी. काहींनी दिसेल तिथे पुढे 'दाखव' लावलं; स्क्रीनभर आकडेच आकडे.

बसमध्ये तू माझ्या शेजारी बसून अगदी प्रेमाने म्हणालास, "बघ गं. तुझ्या नियमाने कचरा कमी नाही झाला. कचऱ्याला डबा मिळाला."

"आणि सनाचं काय?"

"सनाचं तू जिंकलीस."

"मग?"

"मग काय, एक-एक. चहा?"

तिथेच राहिलं ते. पुढच्या रविवारी निकाल लावू असं ठरलं. तो रविवार आला नाही.

आता हे नीट ऐक. तू गेलास म्हणून तू जिंकलास, असं होणार नाही. तेराव्याला मला दोघातिघांनी सांगितलं, आता त्याच्या मनासारखं करून टाक. माणूस गेला की त्याचं सगळंच बरोबर ठरवायची आपल्याकडे रीत आहे. पण तू आयुष्यभर माझ्याशी पूर्ण ताकदीने भांडलास, मी मुद्दाम हरले तर तुलाच राग येईल. आणि मला त्या वर्गातली पुढची सना दिसते. ती तुझ्या किंवा माझ्या आठवणीसाठी शून्य बघत बसणार नाहीये.

पण नियम घातला तर तुझे सगळे धडे पहिल्या ओळीला अडतात. तू लिहिलेला एकही प्रोग्राम तुझ्याच भाषेत चालणार नाही.

म्हणून मी एक पळवाट शोधली होती, आणि बैठकीत मोठ्या आत्मविश्वासाने मांडली. नियम सगळ्यांना लागू. फक्त फाइलच्या पहिल्या ओळीवर अवतरणातलं वाक्य एकटं असेल तर चालेल. नीलिमाने मान डोलावली. अलका म्हणाली, "म्हणजे त्याच्यासाठी वशिला?"

"वशिला कसला, अपवाद."

"तो असता तर तुला सोडला नसता." आणि तिने हुबेहूब तुझा आवाज काढला. "'नियमाला मागचं दार ठेवायचं असेल तर भिंत कशाला बांधतेस गं, मॉनिटर?'"

बरोबर हेच म्हणाला असतास. मी वहीतला अपवाद खोडला. लाल पेन नव्हता, निळ्याने खोडला.

मग भाऊ पुढे सरकले. त्यांना ते गाऱ्हाणं स्क्रीनवर बघायचं होतं. चष्मा पुसून त्यांनी वाचलं, आणि मला वाटलं आता डोळ्यांत पाणी येणार. कपाळाला आठ्या आल्या. "ह्या गाऱ्हाणा? ह्येका कधीच जमला नाय. आधी देवाचा नाव घेवचा, मगे गावाचा, मगे मानकऱ्यांचा, मगे आपला काम. ह्येना आल्या आल्या कामच सांगल्यान! गावाक घातल्यान असता तर गुरवानच थांबवलो असतो."

"म्हणजे भाऊ, काढून टाकायचं?"

"काढतलास कित्याक? चुकीचा आसा म्हणान काय झाला?"

तेवढ्यात नीलिमाने माझा हात बाजूला करून कीबोर्ड ओढला. पहिल्या धड्याच्या पहिल्या ओळीपुढे तिने एकच शब्द टाइप केला: दाखव. आणि प्रोग्राम चालवला.

मशीनने काही अडवलं नाही. ओळीला आता काम मिळालं होतं. काळ्या स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत तुझं गाऱ्हाणं उमटलं. भाऊंनी ते पुन्हा मोठ्याने वाचलं, या वेळी गावातल्या सुरात, आणि शेवटचं "रे म्हाराजा" संपताक्षणी अलका सवयीने बोलून गेली, "व्हय म्हाराजा!" मग भाऊ. मग नीलिमा, जी साताऱ्याची आहे आणि जिने हे आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. मीसुद्धा. खोलीत चार माणसं, एका प्रोग्रामला होकार देत. मग अलका रडली, थोडंसंच, आणि डोळे पुसत म्हणाली की घावणे गार होतायत.

तू म्हणशील, अगं, ही तर पोरांचीच युक्ती. मशीन अडवतंय म्हणून पुढे 'दाखव' चिकटवायचं. हो, तीच युक्ती. मला माहीत आहे. माझा नियम जिथे मला स्वतःला नडला तिथे मीही डबा शोधला. हा गुण तुझ्या नावावर लिहिलाय, एक-एकचं दोन-एक झालं, वहीत नोंद आहे. पण नियम राहतोय. एकटी उभी बेरीज, एकटं नाव, एकटं वाक्य यांना आकडी थांबवणार. बाकी सगळं तुझ्या मनासारखं: साठवून न वापरलेली नावं, रिकामे 'जर', प्रोग्राम जिथे कधीच पोचत नाही त्या ओळी, यांना पिवळा इशारा, हळू आवाजात. 'कचरा' नावाच्या डब्यालाही काही बोलायचं नाही. ज्याला डबा ठेवायचाय त्याने ठेवावा.

बैठक संपली असं मी जाहीर केलं. घावणे खाल्ले. निघण्याआधी नियम नीट लागलाय ना बघायला म्हणून मी एक ओळ लिहिली, ७ + ५, आणि चालवली.

मशीन थांबलं. लाल चौकट आली. चौकट कोरी. चाचणीच्या दिवसांतही ती कोरीच होती, पण तेव्हा काय चुकलं ते नीलिमा तोंडाने सांगायची.

दिनू, आकडीतले सगळे संदेश तुझे. पोरांना आकडी आवडते ती माझ्या व्याकरणामुळे नाही, हे मी तुझ्या तोंडावर कधी बोलले नाही, ते आज बोलते. कुठे कंस राहिला की तुझं मशीन म्हणतं, "कंस उघडलास, मिटायचा राहिला. चौथ्या ओळीजवळ बघ." नाव चुकलं की म्हणतं, "हे नाव मला कुणी सांगितलं नाही. 'गुण' म्हणायचंय का?" पोरं मुद्दाम चुका करून बघायची, आता काय बोलतंय म्हणून. आणि या एका नियमाचा संदेश तू लिहिला नाहीस. मी किती वेळा मागितला! "जो नियम मला पटत नाही त्याचं तोंड मी होणार नाही," असं म्हणून प्रत्येक वेळी चहा मागवलास.

अलका माझ्या खांद्यावरून बघत होती. "हे काहीच बोलत नाही गं."

मी तिथल्या तिथे लिहिलं: "ओळ १: निरुपयोगी विधान." अलका म्हणाली, सोसायटीची नोटीस वाटते. मी लिहिलं: "या ओळीने काहीही होत नाही." नीलिमा म्हणाली, मॅडम, आठवीतल्या पोराला असं सांगतात का? मी लिहिलं: "उत्तर आलं, पण ते ठेवायचं कुठे?" भाऊ म्हणाले, ह्या बरा आसा. मग मी ते सनाच्या नजरेने वाचलं आणि खोडलं, कारण ओळीत बेरीज नसून नुसतं नाव असेल तर 'उत्तर आलं' हे खोटं पडतं, आणि पोरांशी खोटं बोलणारा संदेश तू एकदाही लिहिला नाहीस.

बसमध्ये आणखी तीन लिहिले. शेजारची सीट रिकामी होती, तिथे वही पसरून. त्यातला एकही तुझ्यासारखा नाही आणि माझ्यासारखा तर मुळीच चालणार नाही.

म्हणजे आजची स्थिती अशी: नियम लागला, सगळ्या धड्यांत गाऱ्हाण्याआधी 'दाखव' घातलं, ते चालतात, चाचण्या सगळ्या पास, हिरव्या. पोरगं चुकलं की आकडी त्याला बरोबर जागी थांबवते आणि त्याच्या तोंडाकडे बघत गप्प उभी राहते.

शाळा सोमवारी उघडते. संदेश लिहायचा आहे.